निषेध : मराठीतला आणि कन्नडमधला

शहापूर, बेळगाव :
१ नोव्हेंबरला आपण सीमाभागात काळा दिन पाळतो, त्या फेरीचं निवेदन लिहायलोय. मराठी मजकूर झाला, कन्नड प्रत करताना ‘निषेध फेरी’पाशी अडलो. कन्नडमध्ये निषेध म्हणजे बंदी. ‘धूमपान निषेधिसलागिदे’ ही पाटी आपण जागोजागी वाचतो. शब्द तसाच ठेवला तर साहेबांना काय कळणार? आणि आपला अर्थ आला कुठनं?

खानापूर :
जुना अर्थ कन्नडनं राखलाय. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. मराठीतही ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ म्हणताना तोच अर्थ असतो. पण सुटा ‘निषेध’ आपल्याकडे सभा-मोर्चांत शिरला आणि ‘हे आम्हाला मान्य नाही’ असं जाहीर सांगणं झाला. नकार तोच, देणारा बदलला. तिकडं सरकार नको म्हणतं, इकडं नागरिक. जमावबंदीला कन्नड पेपरात ‘निषेधाज्ञे’ छापतात. म्हणजे आपण निषेध करायला निघायचं आणि वाटेत निषेधाज्ञे! तुम्हाला हवा तो शब्द ‘प्रतिभटने’. ठरावात नुसती नापसंती नोंदवायची असेल तर ‘खंडने’.

बेळगाव, वकिली :
‘बंदी’बद्दल थोडं बोलतो, कारण आपल्याकडे जमावबंदी, निर्बंध, नाकारलेली परवानगी या सगळ्याला सरसकट बंदी म्हणतात आणि लोक तिथंच गप्प होतात. घटनेतला शब्द ‘वाजवी निर्बंध’ आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये, म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर कुठले निर्बंध घालता येतात ते सांगणाऱ्या तरतुदीत, ‘वाजवी’ मुळात नव्हता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे नवं कारण सरकारच्या हाती दिलं, पण ‘वाजवी’ही त्याच दुरुस्तीनं आला. निर्बंध वाजवी आहे का, हे न्यायालय तपासतं ते या शब्दाच्या आधारावर.

१९७२ चा हिमतलाल शहा खटला पाहा. अहमदाबादेत रस्त्यावर सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली होती. परवानगी द्यायची की नाही हे निव्वळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम घटनापीठानं रद्द केला. वेळ, जागा, रहदारी यांचं नियमन करता येतं, सभा घेण्याचा हक्कच काढून घेता येत नाही. २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रास्त मतप्रदर्शन दडपायला जमावबंदीचं कलम १४४ वापरता येणार नाही, आणि आदेशात कारणं हवीत. ते कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे.

निपाणी :
पण सीमेचा विषय काढला की ‘एकात्मतेला धोका’ म्हणतात.

बेळगाव, वकिली :
१९(२) मधली एकात्मता भारताची आहे, राज्याच्या हद्दीची नव्हे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नं संसदेला दिलाय. महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जे न्यायालयात मांडता येतं ते रस्त्यावर शांततेनं मांडणं गुन्हा कसा ठरेल?

खानापूर :
मग मराठी प्रतीतला ‘निषेध’ अजिबात काढू नका. ‘नाराजी’, ‘खंत’ असले मवाळ शब्द तिथं नकोत.

शहापूर, बेळगाव :
मराठी प्रत घेणार नाही म्हटले तर?

बेळगाव, वकिली :
अनुच्छेद ३५० दाखवा. गाऱ्हाण्याचं निवेदन त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. कन्नड प्रत जोडा, तिच्यात ‘प्रतिभटना मेरवणिगे’, म्हणजे आपली निषेध फेरी, असं लिहा. फेरीचा मार्ग आणि वेळ दोन्ही प्रतींत घाला, आणि नकार आला तर तो लेखी, कारणांसह मागा.