काजू युनिटमधल्या नव्या बायकांचं प्रशिक्षण: मोबाइल कोर्स करावा का?

सागरगोटा:
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळचं काजू प्रक्रिया युनिट आहे. हंगामाला फोडणी, सोलणी आणि ग्रेडिंगसाठी २५ नव्या बायका येतील. मालक म्हणतात, मोबाइलवर कोर्स करून टाका, दरवर्षी तेच तेच सांगायला नको. ४० स्लाइडांची पीपीटी तयार आहे. आतल्या वाड्यांत रेंज नाही. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचा प्लॅटफॉर्म) घ्यावं की दुसरं काही?

दशावतारी:
प्लॅटफॉर्म सगळ्यात शेवटी. आधी तुकडा पडतो कुठे ते शोधा: फोडताना, की बोर्म्यातून (गर वाळवायच्या भट्टीतून) काढून सोलताना? जिथे गर फुटतो तिथेच शिकवायचं. काजू पोर्तुगीजांनी आणला ही स्लाइड असेलच, ती काढा. त्याने गर अख्खा निघत नाही.

फोडणीचं काम कागदावर तीन रकान्यांत मांडा: काय करायचं, कशाला जपायचं, का. उदा. 'बी पात्यात धर' – एका मापाचीच बी घे – लहान-मोठी मिसळली तर लहान बी पात्यातून सुटते आणि मोठीचा गर कापला जातो. 'हाताला तेल लाव' – प्रत्येक पाळीआधी, बोटांच्या बेचक्यांतही – टरफलातलं तेल कातडी भाजतं, आणि तोच हात गराला लागला की गर डागी होतो. एका कामाला सहा-सात ओळी पुरे. जास्त झाल्या तर ती दोन कामं आहेत असं समजा.

शिकवायची रीत जुनीच, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत बसवलेली: तयारी, दाखवणं, करून घेणं, मागाहून बघणं. आपल्याकडे तिसरी पायरी गाळतात. बाईने हाताने करता करता 'का' तोंडाने सांगितलं पाहिजे. नुसती मान डोलावली म्हणजे कळलं असं नाही.

पायरी_आंबा:
पण ताई, व्हिडिओ अगदीच टाकून देऊ नका. एका कामाला एक, ६० ते ९० सेकंदांचा. कॅमेरा करणारीच्या खांद्यावरून धरा. समोरून घेतला तर डावं-उजवं उलटं दिसतं आणि दांडीचा हात चुकतो. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आवाज नंतर वेगळा भरा, शक्यतो मालवणीत. बोललेलं वाक्यच पडद्यावर लिहू नका. वाचताना हाताकडे बघायचं राहून जातं.

रेंजचं म्हणाल तर मूडलच्या अ‍ॅपमध्ये धडे आधी उतरवून ठेवता येतात. चाचणीही ऑफलाइन देता येते, पण त्या चाचणीच्या सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. ती विसरली की लोक प्लॅटफॉर्मलाच शिव्या घालतात. अर्थात २५ जणींसाठी मूडल म्हणजे होडीला जहाजाचा नांगर. व्हिडिओ युनिटमध्येच फोनवर घालून द्या.

सागरगोटा:
ग्रेडिंगला चाचणी कशी घ्यावी? पीपीटीत 'डब्ल्यू ३२० म्हणजे काय?' असे प्रश्न आहेत.

दशावतारी:
ते पाठांतर झालं. तो आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे अख्खे गर. डब्ल्यू ३२० ला ३०० ते ३२०, डब्ल्यू २४० ला २२० ते २४०. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, म्हणून १०० ग्रॅम तोलून मोजायला सांगा: ३२० ला ६६ ते ७१ गर, २४० ला ४९ ते ५३. ट्रेमध्ये मुद्दाम चार डागी गर आणि तीन पाकळ्या (उभे दुभंगलेले गर) मिसळा. बाईने त्या वेगळ्या काढल्या, मोजून ग्रेड सांगितली की पास. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी तीच परीक्षा, ट्रे मात्र वेगळा. एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर पुसलं जातं.

पायरी_आंबा:
आणि 'प्रशिक्षण कसं वाटलं?' या फॉर्मवर जाऊ नका. चहा बरा असला की सगळ्या 'छान' लिहितात. प्रत्येकीने फोडलेल्यातला किलोभर गर घ्या, त्यात अख्खा किती ते तोला, दर शनिवारी. एकीचाच आकडा पडला तर तिच्या शेजारी बसा. सगळ्यांचा पडला तर शिकवण्यात खोट नाही. पात्यांची धार बघा, नाहीतर वाफवलेली बी पुरती गार व्हायच्या आत फोडायला दिलीय. अशा वेळी परत वर्ग भरवला तर बायकांचा दिवस फुकट जातो.

सागरगोटा:
समजलं. फोडणीचा कागद आजच करते. मुकादमबाईंना विचारूनच 'का'चा रकाना भरेन.

दशावतारी:
विचारू नका, त्यांच्या शेजारी बसून बघत लिहा. जुन्या हाताला स्वतःची खुबी सांगता येत नाही, ती हातातच असते.