मदत हवी आहे: चासीला पावडर कोटिंग करू की मूळ फिनिश ठेवू?

नटबोल्ट
गाडी पूर्ण खोलून झाली आहे. सँडब्लास्टिंगची (वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढण्याची) तारीख ठरली, त्याआधी निर्णय हवा. चासीला काळं चकचकीत पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड भट्टीत भाजून बसवलेला थर) करू की कारखान्यातून आली तशीच करू? मित्र म्हणतात, खाली वाकून बघतंय कोण. पण मला गाडी खरीही हवी आणि देखणीही. फोरमवरचे जुने धागे वाचलेत, कृपया तिकडे पाठवू नका.

कार्बोरेटर
कोणती गाडी? साल? प्रदर्शनात उतरवणार की रोज चालवणार?

चिखलराजा
डोळे झाकून पावडर कोटिंग. माझ्या जीपच्या चासीला केलंय. पाणी, चिखल, कशानेही ढिम्म हलत नाही.

सावळी
पूर्ण असहमत. पावडरचा थर कारखान्याच्या रंगापेक्षा बराच जाड बसतो, कडा गोलसर होतात, लोखंड प्लास्टिकसारखं दिसतं. दगड लागून टवका उडाला की गंज थराखालून पसरतो आणि वरून पत्ताही लागत नाही. अर्थिंगच्या जागा खरवडाव्या लागतात ते वेगळंच. १९६० च्या दशकातल्या कॉर्व्हेटची चासी बघा: सेमी-ग्लॉस काळा रंग, ओघळांसकट. एनसीआरएसचे (जुन्या कॉर्व्हेट जतन करणाऱ्यांच्या संस्थेचे) परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का ते बघतात. जास्तीच्या चकाकीने तिथे गुण जातात.

चिखलराजा
परीक्षक गंज काढायला येणार आहेत का?

डोंगरवाट
दोघंही सोडा, गॅल्वनाइझ करा, म्हणजे जस्ताचा थर चढवा. १९४८ च्या लँड रोव्हरची चासी कारखान्यातूनच गॅल्वनाइझ होऊन यायची, म्हणजे ते मूळच झालं.

सावळी
ती प्री-प्रॉडक्शन, म्हणजे विक्रीआधी चाचणीसाठी बनवलेल्या गाड्यांची गोष्ट. विक्रीच्या गाड्यांच्या चासीला रंगच असायचा.

नटबोल्ट
इथे वाद नको, उत्तर हवंय. १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. चालवणार, आणि कधीतरी प्रदर्शनातही नेणार.

कार्बोरेटर
अहो, हे आधी सांगायचं! मस्टँगला वेगळी चासी नसतेच, युनिबॉडी आहे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. अख्खी बॉडी ओव्हनमध्ये घालायचा विचारही नको. छत आणि मागच्या पॅनलच्या सांध्यात शिसं-कथिलाची भरणी असते, ती १८३ अंशांना वितळू लागते. पावडर भाजतात १८० ते २०० अंशांना.
आणि खालून ही गाडी काळी नव्हतीच. तळाला प्रायमर, बहुतेकदा रेड ऑक्साइड (वीटकरी रंगाचा), आणि कडांना बॉडीच्या रंगाचा उडालेला फवारा. सेमी-ग्लॉस काळा असतो तो इंजिन बेमध्ये, बॉनेटखाली. तळाची छटा कारखान्यागणिक वेगळी. व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) पहिल्या आकड्यानंतरचं अक्षर कोणतं? एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मटचन.

घोडेस्वार
टायर रेडियलच घ्या, क्रॉस-प्लाय घेऊ नका. ब्रेकिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नटबोल्ट
टायरचं कोणी विचारलंय? अक्षर आर आहे. पण रेड ऑक्साइड म्हणजे अर्धवट काम सोडल्यासारखं नाही का दिसणार?

सावळी
दिसू दे! कामगारांनी घाईत मारलेला फवारा, सांध्यांवर ब्रशने फासलेलं सीलर, हाच त्या गाडीचा चेहरा आहे. काळ्या आरशासारखा तळ कुठल्याही गाडीला करता येतो.

चिखलराजा
साधा प्रायमर ओल धरून ठेवतो. पावसात चालवणार असाल तर सडेल. एवढं तरी मान्य करा.

कार्बोरेटर
हे मान्य. म्हणून संरक्षण आतल्या थरात ठेवा. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, त्यावर रेड ऑक्साइडच्या छटेचा मॅट रंग, शेवटी कडांना बॉडीच्या रंगाचा हलका फवारा. पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण). नटबोल्ट, ब्लास्टिंग मात्र थांबवा. नंतर कोणी मारलेल्या अंडरकोटिंगखाली (तळाच्या जाड संरक्षक थराखाली) मूळ रंग शिल्लक असेल, तो एकदा उडाला की पुरावा गेला. आधी हाताने खरवडून बघा आणि प्रत्येक थराचा फोटो काढा.

नटबोल्ट
तारीख पुढे ढकलली. पेट्रोल टाकीच्या कडेखाली पट्टा सापडला, पण बाजारातल्या रेड ऑक्साइडपेक्षा बराच तपकिरी आहे. मूळ छटा हीच की जुना झाल्याने काळवंडला?

कार्बोरेटर
टाकीच्या कडेला पेट्रोलचे डाग पडतात, तिथली छटा धरू नका. ब्रॅकेटने पूर्ण झाकलेली एखादी जागा शोधा, ओल्या कपड्याने पुसा आणि दिवसाच्या उजेडात दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी टाका.