प्रतिसाद: ससा गवत खात नाही

तुमचा ससा पेलेट (सशाचं दाणेदार तयार खाद्य) फस्त करतो आणि गवत तसंच ठेवतो, म्हणजे पेलेट जास्त होताहेत. पूर्ण वाढलेल्या सशाला दिवसाला वजनाच्या किलोमागे २५ ग्रॅम पेलेट पुरे; त्यावर २-३ आठवड्यांत हळूहळू या, उपाशी मात्र ठेवू नका. गाजर द्या, त्याने दाढा झिजतील, असं इथे कुणी सुचवलंय, तो सल्ला सोडा. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो, त्यानेच दाढा घासल्या जातात. टिमोथी (सशांना देतात ते एक सुकं गवत) शू-शीच्या ट्रेच्या टोकाला भरा, बसल्या बसल्या खातो. कोथिंबीर चुरून मिसळा. धूळकट, कुबट गवत तो हुंगून सोडणारच. लसूणघास रोज नको, कॅल्शियम फार. घास तोंडात घेऊन टाकतोय, हनुवटी ओली दिसतेय? मग दाढा तपासून घ्या. १०-१२ तास काहीच खाल्लं नाही तर लगेच डॉक्टर.