तक्रार मागे घेता येते का? (काउंटी प्रॉसिक्युटरकडून आलेलं पत्र)

रविवार, रात्री ११:१० – केंटहून

मंडळींनो, नमस्कार.

सविस्तर लिहिते, कारण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. सासूबाई जूनमध्ये आल्या तेव्हा येताना त्यांच्या पाटल्या आणि मोहनमाळ माझ्यासाठी घेऊन आल्या होत्या. कपाटात पैठणीच्या घडीत ठेवली होती. आमच्याकडे पंधरा दिवसांनी साफसफाईला येणाऱ्या बाईने दोन्ही नेलं. पाटल्या एका पॉन शॉपमध्ये, म्हणजे वस्तू गहाण घेणाऱ्या दुकानात, सापडल्या, मोहनमाळ गेली ती गेलीच. पावत्यांप्रमाणे सगळं मिळून नऊ हजार डॉलरच्या घरात. पोलिसांनी तिला अटक केली आणि तीन दिवसांनी ती सुटली. आम्हाला वाटलं, विषय संपला.

आता किंग काउंटीच्या, म्हणजे सिएटल-केंटच्या आपल्या जिल्ह्याच्या, प्रॉसिक्युटरच्या ऑफिसातून पत्र आलंय. वर 'स्टेट ऑफ वॉशिंग्टन' विरुद्ध तिचं नाव. माझं नाव आत एका ओळीत, 'व्हिक्टिम' म्हणून.

तिला दोन लहान मुलं आहेत. धाकट्याला ती कधीकधी बरोबर आणायची आणि सासूबाई त्याला शिरा भरवायच्या. त्या म्हणतात, तक्रार मागे घे. नवरा म्हणतो, चोरी ती चोरी. मला एवढंच सांगा: मागे घ्यायला अर्ज कुठे करायचा? आणि प्रॉसिक्युटर म्हणजे आपले सरकारी वकीलच ना? मग ते आपल्या बाजूचे की नाहीत?

रविवार, रात्री ११:३५ – बॉथेलहून

वहिनी, पोलीस स्टेशनला जाऊन 'मला केस चालवायची नाही' असं लिहून द्या. माझ्या मामेभावाने पुण्यात असंच केलं होतं, दोन दिवसांत मिटलं.

सोमवार, सकाळी ६:२० – बेलव्ह्यूहून

अगं, बॉथेलच्या दादांनी आपुलकीने सांगितलं, पण इथे तसं होत नाही.

मी वकील नाही. गेली अकरा वर्षं कोर्टात हिंदी आणि मराठीची दुभाषी म्हणून जाते, त्यामुळे या ऑफिसचं काम बाजूला बसून पुष्कळ पाहिलंय. कायद्याचा सल्ला द्यायची मला मुभा नाही. काम कसं चालतं तेवढं सांगते.

मागे घेण्याचा अर्ज नसतो, कारण केस तुझी नाही. पत्रावर तू वाचलंस तेच खरं: एका बाजूला राज्य, दुसऱ्या बाजूला ती बाई. तू साक्षीदार आहेस, आणि जिचं नुकसान झालं ती व्यक्ती आहेस. आपल्याकडे तपास पोलीस करतात, आरोपपत्रही तेच दाखल करतात आणि सरकारी वकील त्यानंतर कोर्टात उभे राहतात. कसाबच्या खटल्यात उज्ज्वल निकम उभे राहिले ते सरकारने नेमलेले विशेष सरकारी वकील म्हणून. शिवाय तिकडे काही गुन्ह्यांत फिर्यादी आणि आरोपीने तडजोड केली तर कायदा ती मानतो, मामेभावाचं तसंच झालं असेल. इथे फेलनीमध्ये, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, पोलीस कागद जमवून प्रॉसिक्युटरकडे पाठवतात आणि तिथे त्यांचा शब्द संपतो. आरोप ठेवायचा का, कोणता ठेवायचा, तडजोडीत काय सोडायचं, हे सगळं प्रॉसिक्युटरच्या हातात. म्हणून पोलीस स्टेशनला लिहून देऊन काही होणार नाही.

तुझं प्रकरण काउंटीकडे का गेलं तेही सांगते. चोरी ७५० डॉलरच्या आतली असती तर ती ग्रॉस मिस्डिमीनर, म्हणजे फेलनीपेक्षा कमी गंभीर गुन्हा, ठरली असती आणि केंट शहराच्याच वकिलाने शहराच्या कोर्टात चालवली असती. ५,००० च्या वर गेली की फर्स्ट डिग्री थेफ्ट, म्हणजे फेलनी. आणि काउंटीतली फेलनी, मग ती सिएटलमधली असो, केंटमधली असो की डोंगराकडच्या गावातली, काउंटी प्रॉसिक्युटरच चालवतो.

'तीन दिवसांनी सुटली' याचा अर्थ 'सोडून दिलं' असा लावू नकोस. अटकेपासून ७२ तासांत, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून, आरोप दाखल झाले नाहीत तर माणसाला सोडावं लागतं. कागद मात्र टेबलावरच असतात. पुरावा नीट जमला की आरोप नंतर दाखल होतात. तुझ्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाबद्दल, आणि इथे जरा थांबून वाच. आरोप कधी ठेवावा याची कसोटी वॉशिंग्टनच्या कायद्यात लिहून ठेवली आहे. माणसाच्या अंगावर केलेल्या गुन्ह्यात कसोटी थोडी हलकी. चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यात मात्र पुरावा असा भक्कम हवा, की आरोपीचा सगळ्यात पटण्याजोगा बचाव ऐकल्यावरही निःपक्षपाती ज्युरी बहुधा दोषी ठरवेल. आणि त्याच कलमात, पुरावा असूनही आरोप न ठेवण्याची कारणं दिली आहेत. त्यात एक कारण असं, की ज्याचं नुकसान झालं त्यानेच 'नको' म्हटलं. पण त्यालाही अटी आहेत. मालमत्तेचा गुन्हा असेल तर हिंसा नसावी आणि नुकसान मोठं नसावं. शिवाय 'नको' म्हणणाऱ्यावर कुणाचा दबाव नाही ना, हे त्यांनी पाहायचं असतं. आरोप दाखल झाल्यावरही खटला काढून घेताना ही कारणं विचारात घेता येतात.

म्हणजे तुझ्या शब्दाला वजन आहे, हुकूम नाही. नऊ हजारांची रक्कम कायद्याच्या भाषेत लहान नाही. म्हणून 'केस बंद करा' म्हणण्यापेक्षा 'तुरुंग नको, भरपाई हवी' असं तुमचं मत असेल तर तेच स्पष्ट सांगा. पूर्वी कधी फेलनी नसलेल्या माणसाला न्यायाधीश शिक्षेच्या नेहमीच्या तक्त्यापेक्षा वेगळी, सौम्य शिक्षा देऊ शकतात अशी वाट कायद्यात आहे. बहुतेक केसेस ज्युरीपर्यंत जातही नाहीत, गुन्हा कबूल करूनच संपतात. तिथेच तुझं मत उपयोगी पडतं.

पत्रात खाली 'व्हिक्टिम ॲडव्होकेट' असं एक नाव आणि फोन असेल. ॲडव्होकेट हा शब्द वाचून वकील समजू नकोस, आपले लोक इथे नेहमी फसतात. त्या वकील नसतात. तारखा कळवणं, तुझं म्हणणं वकिलापर्यंत पोचवणं, कोर्टात शेजारी बसणं हे त्यांचं काम. त्यांना आजच फोन कर. फेलनीतल्या पीडितांना खटल्याची माहिती मिळण्याचा, तिथे हजर राहण्याचा आणि शिक्षा ठरताना बोलण्याचा हक्क राज्याच्या घटनेत १९८९ पासून आहे. सासूबाईंना मराठीतच बोलू दे, दुभाषी मागून घे. त्याचे पैसे तुम्हाला पडत नाहीत. मी मात्र या केसला येणार नाही, ओळखीच्या माणसासाठी दुभाषीपण करणं बरोबर नाही.

आणि 'आपल्या बाजूचे का' याचं उत्तर: प्रॉसिक्युटर तुझा वकील नाही. तो राज्याचा वकील. तिच्या वकिलाकडून फोन आला तर बोलायचं की नाही हे तू ठरव, पण खोटं किंवा अर्धवट काही सांगू नकोस. तिच्या घरी मात्र जाऊ नकोस, कळवळा असला तरी.

सोमवार, दुपारी १२:४५ – रेडमंडहून

काकू, फार उपयोगी माहिती, मी जपून ठेवली. एक विचारतो. मी एडिसनला बारा वर्षं होतो. न्यू जर्सीत काउंटी प्रॉसिक्युटर गव्हर्नर नेमतो, सिनेटची संमती लागते, पाच वर्षांची मुदत. इथे म्हणे बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, असतो. मतं मागणारा माणूस आरोप ठेवायचा की नाही हे निवडणुकीकडे डोळे लावून ठरवणार नाही का? मला हे मनापासून पटत नाही.

सोमवार, रात्री ९:०५ – रेंटनहून

रेडमंडच्या भावोजींना उत्तर देतो. काकूंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी केंटच्या कोर्टात मी ज्युरीवर होतो, सहा दिवस. प्रॉसिक्युटर बॅलटवर असतो, पण कोर्टात उभी राहते ती डेप्युटी प्रॉसिक्युटर. आमच्या केसमधली तिशीची असेल. रोज सकाळी चाकाच्या गाडीवरून तीन जाडजूड फायली ढकलत यायची. आम्ही एका आरोपावर दोषी म्हटलं, दुसऱ्यावर निर्दोष. निकालानंतर तिने बाहेरच्या पॅसेजमध्ये आम्हाला विचारलं, 'दुसऱ्यात कुठे पटलं नाही?' मी सांगितलं, दुकानातल्या कॅमेऱ्याची वेळ आणि पावतीची वेळ जुळत नव्हती. ती पिवळ्या पॅडवर लिहून घेत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, नीट ऐकत होती. असे दोनशेच्या वर वकील त्या ऑफिसात आहेत आणि बॅलटवर त्यातलं एकच नाव असतं.

कामही नुसतं गुन्ह्यांचं नाही. सिव्हिल विभाग काउंटीचा वकील असतो. काउंटीवर दावा झाला, कौन्सिलला कायदेशीर मत हवं असलं, की तेच. अल्पवयीन मुलांच्या केसेस वेगळ्या. मुलांच्या पोटगीचा विभाग आहे, तिथे कित्येक आया पहिल्यांदा या ऑफिसची पायरी चढतात. २०२३ मध्ये सध्याच्या प्रॉसिक्युटर लीसा मॅनियन यांनी आर्थिक गुन्हे आणि मजुरी बुडवण्याच्या प्रकरणांसाठी एक आणि स्त्रियांवरच्या व घरातल्या हिंसेच्या प्रकरणांसाठी एक असे स्वतंत्र विभाग केले. मजुरीचा विभाग आपल्यातल्या हॉटेल-दुकानांत राबणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावा.

आता निवडणुकीचं. आपला प्रॉसिक्युटर चार वर्षांसाठी निवडून येतो. २०१६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी हे पद बिनपक्षी केलं, त्यामुळे बॅलटवर पक्ष दिसत नाही. शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, मात्र उलट झालं, २०२० मध्ये मतदारांनी तो नेमायचा ठरवला. आणि तुमची भीती खरी मानून सांगतो, १९७९ पासून आजपर्यंत इथे तीनच प्रॉसिक्युटर झाले. नॉर्म मॅलेंग २००७ मध्ये वारले तेव्हाही पदावरच होते. त्यांच्यानंतर त्यांचे चीफ ऑफ स्टाफ डॅन सॅटरबर्ग. २०२२ मध्ये सॅटरबर्ग यांच्या चीफ ऑफ स्टाफ मॅनियन निवडून आल्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री, कोरियन-अमेरिकन. म्हणजे मला काळजी दर निवडणुकीला धोरण हेलकावे खाईल याची नाही. लोक या रकान्यापर्यंत पोचतच नाहीत, याची आहे.

मॅलेंग यांची एक गोष्ट सांगतो. आपण ग्रीन रिव्हरच्या काठाने सहल नेतो ना, १९८२ मध्ये त्याच नदीत मुलींचे मृतदेह मिळायला लागले. खुनी गॅरी रिजवे २००१ मध्ये पकडला गेला. फाशीबाबत सौदा करणार नाही, असं मॅलेंग यांनी आधी सांगितलं होतं. अनेकांना फाशीच हवी होती. २००३ मध्ये त्यांनी शब्द बदलला. रिजवेने ४८ खून कबूल केले, पोलिसांना जागा दाखवल्या आणि त्याला जन्मठेप झाली. अनेक घरांना आपली मुलगी कुठे गेली हे वीस वर्षांनी कळलं. काही जणांनी मॅलेंग यांना कधीच माफ केलं नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो. इतकं मोठं पाऊल उचलणारा माणूस चार वर्षांनी लोकांसमोर उभा राहतो, हे मला नेमणुकीपेक्षा बरं वाटतं. केंटचं कोर्ट आज त्यांच्याच नावाने आहे.

२०२२ च्या निवडणुकीत वाद झाला तो पहिल्यांदा चुकलेल्या मुलांना आरोप न ठेवता समाजसंस्थांकडे पाठवण्याच्या योजनेवर. असे प्रश्न समोरासमोर विचारता येतात ते निवडणूक असते म्हणूनच. नोव्हेंबर २०२६ मध्ये पुन्हा हे पद बॅलटवर आहे. आपलं मराठी मंडळ ना-नफा संस्था असल्यामुळे कुणाला पाठिंबा देऊ शकत नाही, पण सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं ठेवता येतात. कार्यकारिणीने कोजागिरीच्या आधी एक शनिवार ठेवावा. हॉलचं मी बघतो. सिटिझन नसलेल्यांनीही यावं. मत देता येत नसलं तरी चोरी त्यांच्याही घरी होते.

गुरुवार, सायंकाळी ७:३० – केंटहून

काकू, त्या ॲडव्होकेट बाईंशी बोलले. अर्धा तास बोलल्या, घाई केली नाही. केस बंद होईल असं काही म्हणाल्या नाहीत, पण आमचं म्हणणं डेप्युटी प्रॉसिक्युटरला लेखी द्या म्हणाल्या. मोहनमाळेची भरपाई मागता येईल, त्यासाठी सोनाराची पावती हवी. सासूबाई पुढच्या महिन्यात परत जाणार, म्हणून त्यांचं म्हणणं आताच लिहून देतोय. त्यांनी काल रात्री वहीच्या पानावर पेनाने लिहिलं. दोन ओळी इथे देते, त्यांना विचारून:

'त्या बाळाची आई तुरुंगात जावी असं मला वाटत नाही. पण मोहनमाळ माझ्या आईने स्वतःचे गोठ मोडून केली होती, तेही साहेबांना कळावं.'

नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, हेच पाठवू.

सुनावणी मंगळवारी सकाळी साडेआठला आहे. मला एकटीला आत जायचा धीर होत नाहीये.

गुरुवार, रात्री ८:०० – रेंटनहून

सव्वासातला तुमच्या दारात येतो. दाराशी तपासणी असते, पर्समधली कात्री-सुरी घरीच ठेवा. आईंना शाल घ्यायला सांगा, तिथे एसी फार असतो.