मदत हवी आहे: ड्रोन हवेत थांबतच नाही, घिरट्या घालत सुटतो

उनाडपाखरू:
मंडळी, दीड वर्ष हौस म्हणून ड्रोन उडवतोय. डोंगर, तळी, सूर्योदय सगळं करून झालं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा पैसे देणारं काम मिळालं. एका बांधकामाचे दर आठवड्याला ठरलेल्या चार जागांवरून फोटो काढायचे, एवढंच. दोन आठवडे खालच्या मोकळ्या मैदानातून उडवलं, काही त्रास नाही. सोमवारी मैदानात खूप धूळ उडत होती, म्हणून शेजारच्या तयार इमारतीच्या गच्चीवर गेलो.

ॲपने सुरुवातीलाच कंपासची कुरकुर केली. सांगेल तसं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे कंपासला दिशा नव्याने शिकवली. परत कुरकुर. परत केलं, तेव्हा हिरवं आलं. उपग्रह 17. वर चढवला आणि पंधराएक मीटरवर रिमोटच्या स्टिक सोडल्या. आधी जागच्या जागी डोलला, मग छोटं वर्तुळ, मग मोठं. माझा स्टिकला हातही नाही! घाबरून रिटर्न टू होमचं बटण दाबलं, तर माझ्याकडे यायचं सोडून तिरपा भलतीकडेच निघाला. ते रद्द केलं आणि नजर न हटवता कसाबसा मैदानात उतरवला. उतरल्यावर उंची उणे 12 मीटर दाखवत होता, त्यामुळे आणखीच हबकलो.

शनिवारी परत जायचंय. जीपीएस गेलंय का? दुरुस्तीला टाकू की उडवू?

शटरवाला:
कंपास कॅलिब्रेट करा, सुटेल. मी तर प्रत्येक उड्डाणाआधी करतोच. सवय लावून घ्या.

अक्षांश:
शटरवाला, हा सल्ला घोळाचा आहे. चांगल्या जागी केलेलं कॅलिब्रेशन गच्चीवर पुन्हा केलं, तर चांगलं पुसून वाईट लिहिल्यासारखं होतं. स्लॅबमध्ये लोखंडी सळयांचं जाळं असतं. तिथे 'बरोबर' म्हणून शिकवलेली उत्तर दिशा पंधरा मीटर वर गेल्यावर बरोबर राहत नाही.

उनाडपाखरू, उणे उंचीने घाबरू नका. उडालात ती जागा म्हणजे शून्य, मैदान गच्चीखाली, म्हणून उणे. परतीची उंचीही तिथूनच मोजली जाते, हे मात्र लक्षात ठेवा.

आता घिरट्यांचं. आपण कुठे आहोत हे ड्रोनला जीपीएस सांगतं, तोंड कुठे आहे हे कंपास. उपग्रह 17 असोत की 25, तोंडाची दिशा त्यातून कळत नाही. समजा कंपास 90 अंशांनी चुकलाय. वाऱ्याने ड्रोन पूर्वेला सरकला. पश्चिमेला यायला हवं म्हणून तो आपल्या मते पश्चिमेला झुकतो, पण प्रत्यक्षात जातो उत्तरेला. मग दक्षिणेला यायचं ठरवतो आणि निघतो पश्चिमेला. झालं वर्तुळ! चूक थोडी असेल तर डोलत डोलत जागेवर येतो. 90 च्या पुढे गेली की परत यायचा प्रत्येक प्रयत्न त्याला आणखी लांब नेतो. परदेशी मंडळी याला टॉयलेट बोल इफेक्ट म्हणतात (कमोडमधलं पाणी गरगरतं तसं), नाव ज्याने दिलं त्याला दंडवत.

रिटर्न टू होम फसलं तेही यामुळेच, घराची दिशा चुकलेल्या कंपासवरूनच काढली जाते. स्टिक पुढे ढकलली की मात्र तो साधारण स्वतःच्या नाकाच्या दिशेने जातो, त्याला उत्तर-दक्षिण तितकी लागत नाही. तुम्ही बटण सोडून हाताने उतरवलात म्हणून तो आज घरात आहे.

चौथा पंखा:
अक्षांश यांचं बरोबर, पण पंधरा मीटर वर स्लॅबचा प्रभाव जवळपास संपलेला असतो आणि बरीच मशीनं तिथे स्वतःला थोडं सावरतात. इथे चूक मोठी दिसतेय. पॅड, म्हणजे ज्यावरून ड्रोन उडवता ती चटई, नेमका कशावर टाकला होता?

उनाडपाखरू:
हसू नका. गच्चीवर बारीक रेती होती, गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेत) जाऊ नये म्हणून पॅड टेबलावर टाकला. लोखंडी टेबलावर.

चौथा पंखा:
:) रेतीचा विचार केलात हे शंभर टक्के बरोबर, फक्त टेबल चुकलं. दुरुस्तीला टाकायच्या आधी एक करा. पंखे काढा, मैदानात ड्रोन चालू करा आणि हातात धरून सावकाश एक फेरी फिरवा. नकाशावरचा बाण नाकाबरोबर फिरतो का बघा. मग तसाच त्या टेबलावर न्या. आणि हो, घडी घालायच्या पॅडच्या कडेत बहुधा पोलादी तार असते, तीही तपासा.

उनाडपाखरू (गुरुवार):
केलं. मैदानात बाण अगदी नाकाबरोबर. टेबलावर ठेवला आणि बाण साधारण पाव फेरी फिरला, ड्रोन जागचा हलला नव्हता! मैदानातच कॅलिब्रेट केला आणि तिथूनच पंखे लावून दहा मिनिटं एका जागी ठेवला. तसूभर हलला नाही. शनिवारी गच्चीवर लाकडी स्टूल चालेल का?

अक्षांश:
टेबलापेक्षा कितीतरी बरं, पण मी नाही करणार. छोट्या चुंबकासारख्या वस्तूपासून अंतर दुप्पट केलं की तिचा प्रभाव साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. स्लॅबमधल्या सळया मात्र पायाखाली सगळीकडे पसरलेल्या, तिथे स्टुलाची उंची तितकी कामी येत नाही. मैदानात प्लास्टिकचा क्रेट उलटा ठेवा, धुळीपासून अर्धा फूट वर राहील. उडवायच्या आधी ॲप कुरकुरलं, तर ऐका आणि जागा बदला. ते हिरवं येईपर्यंत कॅलिब्रेट करत बसू नका.

उनाडपाखरू (शनिवार रात्री):
क्रेटवरून उडवला. चारही जागांचे फोटो झाले, शेवटच्या दोन जागांवर वारा होता तरी जागेवर घट्ट. सगळ्यांचे आभार.

शटरवाला:
मी आत्ता माझ्या पॅडच्या कडेला फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं. चिकटलं.

चौथा पंखा:
ते चुंबक आता ड्रोनच्या बॅगेत टाकू नका म्हणजे झालं.