मदत हवी आहे: सिस्टिक फायब्रोसिस, गरोदरपण आणि जेवणानंतर चढणारी साखर

नमस्कार,

मी नाशिकला, इंदिरानगर भागात राहते. मला लहानपणापासून सिस्टिक फायब्रोसिस (घट्ट, चिकट स्रावांमुळे फुफ्फुसे आणि स्वादुपिंड बिघडवणारा जन्मजात आजार) असून सध्या गरोदरपणाचा २६ वा आठवडा चालू आहे. सुरुवातीला एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्तचाचणी) व्यवस्थित आल्यामुळे साखरेचा विषय तिथेच मिटला होता. या आजारात ती चाचणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी १२ ते १६ आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावी लागते, हे मला मुंबईच्या छातीविकारतज्ज्ञांकडून उशिरा कळले. आता झालेल्या तपासणीत उपाशीपोटी ८४, एका तासाने १९६ आणि दोन तासांनी १७१ असे आकडे आले. गरोदरपणातील मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३ अशा आहेत. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्यामुळे जेवणानंतर लागणारे इन्सुलिन पुरेसे आणि वेळेवर सुटत नाही, त्यामुळे उपाशीपोटीची साखर चांगली दिसूनही जेवणानंतरची चढते, असे त्यांनी समजावले आणि जेवणाआधीचे इन्सुलिन सुरू केले.

खरी अडचण आहाराची आहे. प्रसूतीसाठी नाव घातलेल्या दवाखान्यात गरोदरपणात साखर वाढलेल्या सर्वच स्त्रियांना मिळतो तो छापील तक्ता मलाही मिळाला: भात बंद, तूप एक चमचा, दूध साय काढलेले. सासूबाईंनी तो फ्रीजवर चिकटवला असून त्या तो मनापासून पाळतात. उलट छातीविकारतज्ज्ञ सांगतात की माझे अन्न मुळात नीट पचत नाही, तेव्हा तूप, साय, शेंगदाण्याचे कूट यांपैकी काहीही कमी करायचे नाही आणि खाण्याला पुरेल इतके इन्सुलिन वाढवायचे. मला त्यांचेच पटते, कारण गेल्या दोन तपासण्यांत माझे वजन जागच्या जागी आहे. मात्र दोन्ही डॉक्टरांचे आपसात बोलणे होत नाही आणि निरोप्याचे काम माझ्याकडे येते.

दुसरा प्रश्न इन्सुलिनच्या वेळेचा आहे. परवा उपम्याआधी इन्सुलिन टोचले, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल घेतल्या आणि चार घास खाल्ल्यावर खोकल्याची अशी उबळ आली की सगळे उलटून पडले. थोड्या वेळाने हात थरथरू लागले, तेव्हा साखर ६१ होती. लोणी लावलेला पराठा खाल्ला तर याच्या उलट घडते: दोन तासांनी १२० च्या आत असलेली साखर तिसऱ्या तासाला चढते. ज्यांना उलट्यांचा असा त्रास होता, त्यांच्या डॉक्टरांनी खाणे पोटात टिकल्यावर इन्सुलिन टोचण्याची मुभा दिली होती का? दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खाणाऱ्यांनी प्रत्येक वेळी इन्सुलिन घेतले की फक्त मुख्य जेवणांना? डोस मी डॉक्टरांना विचारूनच बदलेन. त्यांना नेमके काय विचारावे, हे मला ठरवायचे आहे.

कृपया कारल्याचा रस, मेथीचे पाणी किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुचवू नयेत. या आजारातील मधुमेहावर इन्सुलिन हाच उपचार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नाशिकमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला तूप-साय न तोडता आहार आखून देणारे आहारतज्ज्ञ कोणाच्या माहितीत असल्यास जरूर कळवावे. दर वेळी मुंबई गाठणे आता धाप लागल्यामुळे झेपत नाही.