‘अनटाइप्ड’ चल : प्रकारहीन, बिनप्रकारी की मजकुरी?

खानापूरहून प्रश्न

नमस्कार. मराठी शाळेतून कॉलेजात आलेल्या पोरांसाठी शेल स्क्रिप्टची टिपणं मराठीत काढतेय. (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे त्या आज्ञांची फाइल.) दहावीपर्यंत मराठी, पुढं एकदम इंग्रजी, आणि अडलं की सर कानडीत समजावतात, अशी आमच्याकडची तऱ्हा. व्हेरिएबलला ‘चल’ लिहिलं, त्यात काही अडत नाही. पण शेलचे चल ‘अनटाइप्ड’ असतात, म्हणजे हा संख्येचा, हा मजकुराचा असा प्रकार त्यांना ठरवून दिलेला नसतो, त्याला काय लिहू? मोबाइलवरच्या एका शब्दकोशानं ‘अटंकित’ दिलं, म्हणजे टाइपरायटरवर न बडवलेला! मी ‘प्रकारहीन’ लिहिलंय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या धड्यातही तोच शब्द घातलाय. चालेल का?

निपाणी

‘हीन’ नको हो ताई. चारित्र्यहीन, दिशाहीन, दर्जाहीन. हीन लागलं की काहीतरी कमी आहे असंच वाटतं. मराठीत ‘बिन’ हाताशी आहे की. बिनविरोध, बिनपगारी, बिनतारी. तसं ‘बिनप्रकारी’.

बेळगाव, टिळकवाडी

ताई, शब्द ठरवायच्या आधी वस्तू बघू. (उदाहरणांत नावं आणि आकडे देवनागरीत लिहितोय. शेलमध्ये टाकताना रोमन घ्या.)

क=५ लिहा. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका, नाहीतर शेल ‘क’ नावाची आज्ञा शोधायला जाईल. आता क+=३ करा आणि छापा. ५३ येतात, पाचाला तीन चिकटवून मोकळा. पुन्हा क=५ घेऊन $((क+३)) करा, तर ८. म्हणजे ‘क’मध्ये पाच ही संख्या कधी नव्हतीच, ‘५’ हे अक्षर होतं. दुहेरी कंसात गेल्यावर त्याचा हिशोब झाला, आणि उत्तरही परत अक्षरं होऊनच बाहेर आलं. ‘डिक्लेअर -आय’ (हा चल पूर्णांकाचा, असं सांगणारी आज्ञा) लावून ठेवलं तर तेच += बेरीज करतं, पण मुद्दाम सांगावं लागतं.

शेलचं मूळ काम दुसऱ्या प्रोग्रामांना बोलावण्याचं. युनिक्समध्ये आज्ञेबरोबर जे धाडायचं ते अक्षरांची ओळ म्हणूनच जातं, म्हणून साठवणही तशीच. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला, तेव्हा त्याला स्वतःला बेरीजसुद्धा येत नव्हती. ‘एक्स्पर’ नावाची वेगळी आज्ञा बोलवावी लागे. १९८९ सालच्या बॅश या शेलमध्ये हिशोब आत आला खरा, साठवण मजकुराचीच राहिली.

पायथॉनात क = "५" असं अवतरणात लिहून क + ३ करा. टाइपएरर, म्हणजे प्रकाराची त्रुटी, देऊन थांबतो. तिथं प्रकार किमतीला पक्का चिकटलेला असतो, मोकळं असतं ते नाव. आज ‘क’मध्ये संख्या, पुढच्या ओळीत मजकूर, काही हरकत नाही, पण एकदा मजकूर आत आला की तो मजकूरच. जावास्क्रिप्ट या दोघांच्या मधे कुठंतरी: "५"+३ म्हणजे ५३ आणि "५"-३ म्हणजे २. तिचं तिलाच ठाऊक.

आता आपल्या भागातलं उदाहरण. गावांचे एसटीडी क्रमांक एका यादीत आहेत आणि स्क्रिप्ट त्यांच्यावर काही हिशोब करते, असं धरा. बेळगाव ०८३१, कोल्हापूर ०२३१. बॅशच्या दुहेरी कंसात आकड्याच्या सुरुवातीला शून्य असलं की तो अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पायावरचा) समजला जातो, आणि अष्टमानात ८ हा अंकच नाही. म्हणून $((०८३१)) ला त्रुटी येते, ‘पायाच्या मानानं किंमत मोठी’ अशा अर्थाची. निदान कळतं तरी. $((०२३१)) मात्र बिनबोभाट १५३ देतो! दोन चौसष्ट, तीन आठ आणि एक. बेळगावचा क्रमांक आरडाओरडा करतो, कोल्हापूरचा गुपचूप बदलतो. पायथॉनात हाच मजकूर ‘इंट’मधून (मजकुराची संख्या करणाऱ्या क्रियेतून) काढला तर सरळ २३१. आणि अवतरणाशिवाय ०२३१ असं लिहिलं तर पायथॉन ३ ते चालवूनच घेत नाही.

तारखेवरून महिना काढणाऱ्या स्क्रिप्टा जुलैपर्यंत नीट चालून ऑगस्ट-सप्टेंबरात पडतात, त्याचं कारण हेच, ०८ आणि ०९. ऑक्टोबर लागला की आपोआप बऱ्या होतात, म्हणून कोणी मुळाशी जात नाही. उपाय सोपा: कंसात आकड्याआधी १०# लिहायचं, म्हणजे दशमान धरलं जातं.

तेव्हा शेल आणि पायथॉन दोघांना एकच विशेषण लावलं तर पोरं फसणार. शेलच्या चलांना प्रकार नाही म्हणण्यापेक्षा सगळ्यांना एकच प्रकार आहे म्हणणं खरं. मी ‘मजकुरी चल’ म्हणेन.

चंदगड

दादा, एसटीडीचं उदाहरण आवडलं, पण ‘मजकुरी’ला माझी हरकत. कोर्टकचेरीच्या कागदात ‘मजकूर इसम’ म्हणजे वर सांगितलेला इसम. सीमेच्या दोन्ही बाजूंना जुने कागद चाळत बसलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांना ‘मजकुरी चल’ म्हणजे ‘वर उल्लेखलेला चल’ वाटायचा.

शिवाय अनटाइप्ड फक्त शेल नाही. बीसीपीएल आणि तिच्यावरून आलेली बी, या जुन्या भाषांनाही तेच म्हणतात. तिथं सगळे चल एकाच मापाचे, यंत्राच्या एका ‘वर्ड’एवढे. मजकुराचा तिथं संबंध नाही. दोन्हीकडं लागू पडणारा शब्द हवा तर ‘एकप्रकारी’ घ्या. एकपात्री, एकसुरी, तसा.

निपाणी

‘एकप्रकारी’ बोलताना ‘एक प्रकारे’ ऐकू येतं. “शेलचे चल एक प्रकारे चल असतात”, पोरं हसतील की! ‘बिनप्रकारी’ मात्र मी मागं घेतो. प्रकार आहे, तर बिन कशाला?

जाता जाता एक गंमत. बॅशमध्ये दुहेरी चौकटी कंसात -ईक्यू ही संख्यांची तुलना. तिथं दोन्ही बाजूंना आकड्यांऐवजी गावांची नावं टाकून बघा, जुनं ‘बेळगाव’ आणि २०१४ पासूनचं सरकारी ‘बेळगावी’, दोन्ही रोमनमध्ये. उत्तर येतं: समान! त्या नावांचे चल शोधले जातात, सापडत नाहीत, मग दोघांची किंमत शून्य, आणि शून्य बरोबर शून्य. इतकी वर्षं जे कोणाला जमलं नाही ते शेलनं एका ओळीत मिटवलं. (कोल्हापूर आणि बंगळूर टाकलं तरी समानच, तेव्हा फार खूष होऊ नका.)

बेळगाव, टिळकवाडी

हाहा. आणि एकेरी चौकटी कंसात तेच केलं तर ‘पूर्णांक अपेक्षित’ अशी तक्रार येते, हेही टिपणात घाला. त्याच कंसात १० > ९ लिहिलं तर तुलना होतच नाही, शेल त्या चिन्हाचा अर्थ ‘पुढच्या नावाच्या फाइलीत लिही’ असा घेतो आणि ९ नावाची रिकामी फाइल तयार होते.

चंदगडकर, ‘वर सांगितलेला’ हा अर्थ कागदोपत्री जिवंत आहे, मान्य. पण “बातमीचा मजकूर”, “पत्रातला मजकूर” हे पोरं रोज वाचतात, आणि टिपणं त्यांच्यासाठी आहेत. बीसीपीएल शिकवायची वेळ आली तर ‘एकप्रकारी’ घेऊ, तो शब्द वाया जाणार नाही.

खानापूर

मग धड्यात असं लिहिते: “शेलचे चल मजकुरी असतात. त्यांच्यातल्या मजकुराला संख्या मानायचं की नाही, ते वापरलेली क्रिया ठरवते.” पायथॉनच्या धड्यातून ‘प्रकारहीन’ काढून टाकलं. तिथं “प्रकार किमतीला असतो, नावाला नसतो” एवढं वाक्य ठेवलंय, विशेषण काहीच नाही.

एक राहिलं. देवनागरीत टाकू नका म्हणालात, ते का?

बेळगाव, टिळकवाडी

बॅशला ‘क’ हे चलाचं नाव म्हणून चालत नाही, त्याला रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखाच लागते. $((५+३)) लाही त्रुटी येते, कारण ५ त्याच्या लेखी अंक नाही. पायथॉन ३ मध्ये ‘क’ हे नाव चालतं, आणि "०८३१" हा देवनागरी मजकूर ‘इंट’ला दिला तर ८३१ मिळतात. कानडी अंकांतला मजकूरही तसाच वाचतो. फक्त अवतरणाबाहेर देवनागरी आकडा लिहू नका, तो पायथॉनलाही चालत नाही.